रात्रभर टिकलेलं क्लोरिन

मे महिन्यात भरलेला हौद सोडून द्या असं आमच्या गावात कोणी कोणाला सांगत नाही. उंद्री चिखली तालुक्यातलं, खामगाव-चिखली रस्त्यावरचं गाव. वर काळी जमीन, खाली काळा पाषाण. होळी झाली की विहिरीचं पाणी खाली खाली जायला लागतं. मेमध्ये मोटर थोडा वेळ चालते, मग हवा ओढते. झऱ्यातून पाणी साठेपर्यंत बंद करून बसावं लागतं. असं थोडं थोडं करून, बहुतेक वेळा रात्रीच्या लाइटीवर, घरामागचा हौद भरतो. वडिलांनी तो बांधला लिंबूच्या झाडांसाठी. आत २० फूट लांब, १२ फूट रुंद. ४ फूट पाणी भरलं की साधारण २७,००० लिटर होतं. उन्हाळ्यात बहिणीची पोरं पुण्याहून येतात तेव्हा तोच हौद त्यांचा पोहण्याचा तलाव असतो. या घरातलं प्रत्येक पोर पाठीला रिकामा डबा बांधून त्यातच पोहायला शिकलं.

२०२५ च्या उन्हाळ्यात ताईचा फोन आला तेव्हा ती पहिल्यांदा पाण्याबद्दल बोलली. कारण सरळ होतं. त्या वर्षीच्या जानेवारीत आमच्याच जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत, माणसांचे केस मुठीने गळून काही दिवसांत टक्कल पडत असल्याची बातमी देशभर गेली होती. सगळ्यांनी आधी पाण्यालाच दोष दिला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं, पण तोवर बुलढाण्याच्या पाण्याचं नाव खराब झालेलं होतं. आईसुद्धा म्हणाली, ‘‘औंदा पोरायले त्या हौदात उतरू देऊ नको बापा.’’ आणि हौदाकडे पाहिलं तर तिचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं. पाणी हिरवंगार. हात कोपरापर्यंत बुडवला की बोटं दिसत नव्हती. भिंतीला बुळबुळीत साय, कोपऱ्यात केसांसारखे लांब तंतू, आणि प्लास्टर उडालेल्या जागी काळे ठिपके.

हिरवं शेवाळ स्वतः फारसं काही करत नाही, हे मला ठाऊक होतं. पाय घसरतो, ठिबकच्या ड्रीपरची तोंडं बुजतात, वास येतो. भीती असते ती त्याच्या आडोशाने राहणाऱ्या जिवांची. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा वाढतो. बुडी मारताना पाणी नाकात गेलं तर तो मेंदूपर्यंत पोचतो, आणि मग माणूस क्वचितच वाचतो. केरळात २०२४ मध्ये अशी मुलं दगावली, आणि २०२५ मध्ये तिथे सरकारला विहिरी आणि टाक्यांत क्लोरिन टाकायची मोहीमच काढावी लागली. आमच्या बाजूला तो कधी सापडल्याचं मी ऐकलेलं नाही. पण मेच्या दुपारी आमच्या हौदाचं पाणी किती कोमट होतं ते मी हाताने पाहत होतो, आणि पोरं त्यात नाकं बुडवणार होती.

हिरवं का झालं, याचं उत्तर शेतातच होतं. ऊन, साचलेलं पाणी आणि खत एवढ्यावर शेवाळ पोसतं. ऊन तर आहेच. खत आम्ही हौदात टाकत नाही, पण ते विहिरीतून येतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेल्या देशातल्या जिल्ह्यांमध्ये वर्धा, अमरावती, यवतमाळ यांच्या जोडीने बुलढाण्याचं नाव आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. सोयाबीन, कपाशी, हरभऱ्याच्या रानात वर्षानुवर्षं टाकलेला युरिया, उकिरड्यांचा आणि शौचखड्ड्यांचा पाझर, सगळं खाली झिरपतं आणि मोटरीने परत वर येतं. शिवाय हौदावर कडुनिंबाची फांदी. मार्चमध्ये पानं गळतात ती तळाशी कुजतात. ती फांदी मी आधी छाटली आणि जाळीने पानं काढली. मग पावडरकडे वळलो.

गावात तिला ब्लीचिंग म्हणणारे थोडे. सगळे टीसीएल म्हणतात. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतं, पण पिशवी उघडली, ओल लागली की ते उडून जातं, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर कामाची राहत नाही. एका शेजाऱ्याने घरातली जुनी पिशवी देऊ केली. ढेकळं झालेली, नाकाजवळ नेली तरी वास नाही. ती परत दिली आणि चिखलीहून ताजी आणली. गावच्या पाण्याचं काम पाहणारे जलसुरक्षक माझ्या ओळखीचे. रोज टाकीत टीसीएल सोडायची आणि पाण्यात क्लोरिन उरलं का ते पाहायला नळावर ओटीची, म्हणजे ऑर्थोटोलिडीनची, चाचणी घ्यायची, हे त्यांचं काम. त्यांच्याकडून ओटीची बाटली कुठे मिळते ते विचारायला गेलो, आणि हिशेब सांगायला लागलो. इतके लिटर, इतके ग्रॅम. त्यांनी हात वर केला. ‘‘भाऊ, किती टाकली ते नका सांगू. सकायी किती उरली, ते सांगा.’’

सगळं काम त्या एका वाक्यावर झालं.

पिण्याच्या विहिरीला १,००० लिटरमागे अडीच ग्रॅम टीसीएल, असं आरोग्य खात्याचं साधं माप आहे. त्या हिशेबाने माझ्या हौदाला ७० ग्रॅमही पुरे. पण ते माप स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याचं. क्लोरिन जंतू आणि शेवाळ यांत निवड करत नाही. पान, माती, घाम, शेणाचा कण, जे समोर येईल त्यावर ते खर्च होतं. ती भूक भागल्याशिवाय पाण्यात काही उरत नाही, आणि जे उरतं तेच राखण करतं. हिरव्या पाण्याची भूक मोठी. म्हणून पहिल्या रात्री मी लिटरमागे १० मिलिग्रॅमचा हिशेब धरला. २७,००० लिटरला २७० ग्रॅम क्लोरिन, म्हणजे पावडर जवळपास ८२० ग्रॅम.

पावडर टाकायची ती रात्रीच. एक कारण ऊन. उघड्या पाण्यातलं क्लोरिन भर उन्हात तासाभरात निम्म्याहून खाली येतं. मोठ्या तलावांत ते टिकावं म्हणून सायन्युरिक ॲसिड घालतात, पण हे पाणी पुढे झाडांना जाणार होतं, म्हणून मी ते घातलं नाही. दुसरं कारण शेवाळाचंच. दिवसा ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खेचून घेतं, त्यामुळे पाण्याचा सामू चढतो. दुपारी माझ्या कागदी पट्टीवर तो ९ च्या आसपास दिसत होता. क्लोरिनचं मारणारं रूप म्हणजे हायपोक्लोरस ॲसिड. सामू साडेसातला असेल तर साधारण अर्धं क्लोरिन त्या रूपात असतं, साडेआठला दहावा हिस्सा, आणि ९ ला नावापुरतं. आमच्याच जिल्ह्यातलं लोणार सरोवर पाहा. सामू १० च्या घरात, तरी त्यात निळंहिरवं शेवाळ सुखाने वाढतं.  अशा क्षारपाण्यात क्लोरिनची मात्रा चालत नाही. रात्री शेवाळ श्वास सोडतं, कार्बन डायऑक्साइड परत पाण्यात येतो, सामू थोडा उतरतो. तेवढ्या वेळात काम साधायचं.

पण पावडरीआधी खराटा. याबद्दल मला ठाम बोलायचं आहे, कारण बहुतेक लोक हेच टाळतात. भिंतीवरच्या शेवाळाला चिकट आवरण असतं, आणि सिमेंटच्या छिद्रांत बसलेल्या काळ्या ठिपक्यांचं आवरण तर फारच चिवट. क्लोरिन वरचा थर मारून थांबतं, आत मूळ जिवंत राहतं, आणि आठवड्यात ठिपका परत येतो. संध्याकाळी मी आणि गडी दोघं पाण्यात उतरलो. तुराट्यांच्या खराट्याने भिंती घासल्या, काळ्या जागांना तारेचा ब्रश लावला. पाणी आधीपेक्षा घाण दिसायला लागलं. आई वरून म्हणाली, ‘‘हे काय करून ठेवलं?’’ पण सगळं शेवाळ भिंत सोडून पाण्यात आलं होतं, आणि मला तेच हवं होतं.

टीसीएल कोरडी फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग त्यात पावडर, उलटं कधीच नाही. नाकातोंडाला ओला रुमाल, पाठ वाऱ्याकडे. काठीने ढवळून थोडा वेळ ठेवलं की चुना तळाशी बसतो. वरची निवळी हौदात चारी बाजूंनी फिरवून ओतायची, खालचा चुना पाण्यात जाऊ द्यायचा नाही, नाहीतर तो सामू आणखी चढवतो. आणि एक गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याने लक्षात ठेवावी. आपल्या कोठीत युरिया, ठिबक धुवायचं ॲसिड, डिझेल, सगळं एका भिंतीला असतं. टीसीएलवर ॲसिड सांडलं तर क्लोरिन वायू सुटतो, आणि तो फुप्फुसं जाळतो. युरियाशी ओल्यात गाठ पडली तर स्फोट होण्याजोगं संयुग तयार होतं. मी पावडरीचा डबा घट्ट झाकणाचा घेतला आणि वेगळ्या पडवीत, उंचावर ठेवला.

पहिल्या सकाळी सूर्य वर यायच्या आत नमुना घेतला. ओटीचे थेंब टाकले. क्लोरिन असेल तर लगेच पिवळं यायला हवं. थोडं थांबून येणारा पिवळेपणा नुसत्या क्लोरिनचा नसतो, अमोनियाशी बांधलेल्या क्लोरिनचाही त्यात वाटा असतो, म्हणून पहिल्या काही सेकंदांतला रंगच धरायचा. काहीच आलं नाही. रात्री ओतलेलं सगळं संपलं होतं. पाणी मात्र हिरव्याचं मळकट राखाडी व्हायला लागलं होतं. पुन्हा संध्याकाळ, पुन्हा खराटा, पुन्हा तेवढीच निवळी. आता गडी कंटाळला. त्याचं म्हणणं, हिरवं गेलं म्हणजे झालं. इथेच थांबलं तर काय होतं ते मी शेततळ्यांवर पाहिलं आहे. अर्धमेलं शेवाळ चार दिवसांत उठतं आणि टाकलेली सगळी पावडर वाया जाते. आम्ही थांबलो नाही.

मग एका सकाळी नळीत रंग आला. नुसता पिवळा नाही, नारिंगीकडे झुकलेला, म्हणजे ओटीच्या मापाबाहेर. त्या नमुन्यात साधं पाणी मिसळून पातळ केलं आणि मोजलं. रात्री जितकं होतं जवळपास तितकंच सकाळी होतं. क्लोरिन खाणारं पाण्यात आता फारसं काही उरलेलं नव्हतं. मी जलसुरक्षकांना फोन केला तेव्हा माझा आवाज चढला होता. ते एवढंच म्हणाले, ‘‘आता तुरटी.’’ ओटी मिसळलेलं पाणी हौदात परत ओतायचं नाही, खड्ड्यात टाकायचं, हेही त्यांनीच बजावलं.

आमच्या हौदाला गाळणी यंत्र नाही. मेलेलं शेवाळ पाण्यात धुरासारखं तरंगत होतं. किलोभर तुरटी गरम पाण्यात विरघळवून संध्याकाळी फिरवली, बांबूने हळू ढवळलं आणि कोणालाही पाण्याला हात लावू दिला नाही. सकाळी तळाशी राखाडी गाळाची चादर होती आणि वर पाणी नितळ. लांब नळी भरून घेतली, एक टोक तळावर फिरवत गाळ बाहेर ओढला. त्यात थोडं पाणी गेलं, पण हौद रिकामा करण्यापेक्षा फारच कमी. तळावरचा सिमेंटचा जोड दिसायला लागला.

पोरं आली तेव्हा मी त्यांना लगेच उतरू दिलं नाही. क्लोरिन अजून जास्त होतं, डोळे चुरचुरले असते. ऊन लागू दिलं. पोहायच्या पाण्यात लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम मोकळं क्लोरिन आणि ७.२ ते ७.८ सामू असावा. तिथवर आल्यावरच परवानगी. मोठ्या भाचीने ओटीचं काम स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी नळी उजेडाला धरून रंग ताडायची, वहीत लिहायची, आणि कमी दिसलं की ‘‘मामा, आज दीडशे ग्रॅम’’ असं सांगायची. धाकट्याला एकदा अंग न धुता उडी मारताना तिने पकडलं, कारण घामानेही क्लोरिन खर्च होतं हे तिला समजलं होतं. दुपारच्या उन्हासाठी हौदाच्या अर्ध्या भागावर हिरवी शेडनेट ताणली. तेवढ्याने पाणी थंड राहिलं आणि पावडरही कमी लागली. आईने पहिल्या दिवशी स्वतः काठावर बसून पाण्यात पाय सोडले, मग नातवंडांना हाक मारली.

हे सगळं करताना मला मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीची आठवण येत राहिली. जुलै २०२२ मध्ये तिथे लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले आणि कॉलरा पसरला. माणसं गेली. अमरावती जिल्हा आमच्यापासून किती लांब? मोजलेलं, वेळेवर टाकलेलं मूठभर टीसीएल त्या विहिरीत असतं तर काय झालं असतं, हे मला राहून राहून वाटतं. माझ्या हौदात पोरं पोहतात. पिण्याच्या पाण्याचं काम त्याहून कितीतरी मोठं आहे. ते रोज करणाऱ्या माणसाला गावाने नावाने ओळखावं, असं मला मनापासून वाटतं.

जूनमध्ये पोरं परत गेली. पावडर बंद केली, ओटीला रंग येईनासा झाला तेव्हा पाणी लिंबूला सोडलं. गुरांच्या टाक्यात त्याआधी त्यातला थेंब जाऊ दिला नव्हता. हौद कोरडा झाल्यावर उडालेलं प्लास्टर काढून गवंड्याकडून घोटीव गिलावा करून घेतला, म्हणजे काळ्या ठिपक्यांना धरायला छिद्र नको.

नितळ पाणी पाहून वरच्या शिवारातला एक जण आला. त्याच्या शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर, पाणी हिरवं, आणि आत रोहू, कटला सोडलेले. उरलेली पावडर दे म्हणाला. मी दिली नाही. माणसाला पोहायला चालतं त्याच्या कितीतरी कमी क्लोरिनमध्ये मासा मरतो, आणि तीव्र मात्रेने अस्तरही कडक होऊन तडकतं. शिवाय त्याच्या माशांच्या पोटाला थोडं हिरवं पाणी हवंच. आम्ही दोघं त्याच्या तळ्यावर गेलो, बांधाकडून खताचं पाणी आत येत होतं ती चारी आधी वळवली, आणि पुढच्या खेपेला बोटुकली आणताना त्यांत चंदेरी कार्प घ्यायचं ठरवलं. ते पाण्यातलं तरंगतं शेवाळच खातात.