दोन दाढा जास्त

संध्याकाळी कॅश जुळली नाही तर बँकेतल्या कारकुनाला घरी जाता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. परंतु कॅश कमी भरण्यापेक्षा जास्त भरणं अधिक वाईट, हे काउंटरच्या आत बसणाऱ्यालाच कळतं. कमी भरली तर मुकाट्यानं खिशातून घालता येते. जास्त भरली तर ती कुणाची, कुठून आली, याचा छडा लागेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. इतकं सगळं ठाऊक असून आमच्या धाकटीच्या तोंडात दोन दात जास्त भरले, तेव्हा मी खुशाल झोपलो. त्याची ही हकीकत.

धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. दुधाचे दात एकूण २० असतात असं कुठंतरी वाचलं आणि रविवारचा मोकळा वेळ होता, म्हणून मी तिला ओसरीवर उजेडात बसवलं, आ करायला लावलं आणि मोजायला सुरुवात केली. वर दहा. खाली बारा. पुन्हा मोजले. बावीसच.

"लेकराचे दात काय मोजूलालास रे?" आईनं मिसरीचं बोट तोंडातून काढत विचारलं.

"दोन जास्त भरलेत."

"भरू दे की. देवानं दिलेले हायत, परत थोडेच मागणार हाय?"

मी विचार केला, पोरीचा अजून एकही दात पडलेला नाही. जुना गेल्याशिवाय नवा येणार कुठून? म्हणजे हे मागचे दोनही दुधाचेच. पुस्तकात मोजणाऱ्याची चूक झाली असेल. असा कॉमर्स शाखेला शोभेल असा निष्कर्ष काढून मी ते दोन दात सस्पेन्स खात्यात टाकले आणि जेवायला बसलो.

आता आमच्या घरातली दात घासण्याची पद्धत सांगायला हवी. शिरूर म्हटलं की लोकांना पुण्याकडचं शिरूर आठवतं. आमचं शिरूर अनंतपाळ, लातूर जिल्ह्यातलं. हा जिल्हा १९८२ सालचा आणि मीही त्याच सुमाराचा. माझे दात मात्र जिल्ह्यापेक्षा पुष्कळ जुने दिसतात, कारण लहानपणी ते राखुंडीनं आणि कडुलिंबाच्या काडीनं घासले गेले, तेही फक्त सकाळी. रात्री दात घासायचे असतात, ही बातमी आमच्या घरी सौभाग्यवतींच्या माहेराकडून आली. बातमी आली, अंमलबजावणी मात्र माझ्याकडे आली. मी ती अशी करत असे: पलंगावर आडवं व्हायचं, तोंडात बडीशेप टाकायची आणि तिथूनच ओरडायचं, "दात घासले का रे?" आतून "हो" असा आवाज आला की पासबुकात नोंद झाली.

प्रत्यक्षात थोरला ब्रश नुसता ओला करून ठेवत असे. धाकटी पेस्ट खात असे. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट काढतात, तशी लाट ती स्वतः काढायची आणि गोड लागते म्हणून गिळायची. "थुंक गं, थुंक!" म्हणून तिची आई घसा कोरडा करायची. गंमत पाहा, आमच्या बसस्थानकावर ही विद्या विनामूल्य आणि चोवीस तास शिकवली जाते, पण घरच्या मोरीत पोरीला काही ती जमेना. चूळ भरायला शिकवली तर तांब्याभर पाणी सांडायची. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस पाहिलेला माणूस सांडणाऱ्या पाण्याकडं शांतपणे पाहू शकत नाही. मी नळ बंद करायचो. नळाबरोबर घासणंही बंद व्हायचं.

२०२३ साली राज्य सरकारनं स्वच्छ मुख अभियान काढलं आणि त्यासाठी खुद्द सचिन तेंडुलकरला घेतलं. मी मोठ्या उत्साहानं धाकटीला त्याचा फोटो दाखवला. तिनं विचारलं, "हे काका कुठले?" माझी अख्खी पिढी पायचीत झाली.

पण तिचा खरा आदर्श घरातच होता. एका सकाळी ती माझ्या आईशेजारी ओसरीवर उकिडवी बसून, डबीत बोट बुडवून हिरड्यांवरून फिरवण्याच्या बेतात सापडली. आईनं डबी हिसकावली, पण तिचाच हात लटपटत होता. मंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली. पण मिसरी घरच्या तव्यावर तंबाखू भाजून होते आणि कायद्याला आमच्या चुलीपर्यंत यायला जमलेलं नाही. त्या दिवसापासून डबी आईच्या ट्रंकेत गेली. पंधरा दिवस घरात कुणी आईच्या वाटेला गेलं नाही. पोरीला कुणी एक शब्द बोललं नव्हतं. ती फक्त आजीकडं बघून शिकली होती. माझ्याकडं बघून ती काय शिकत असेल, हा प्रश्न मला तेव्हाही पडायला हवा होता.

सव्वासात वर्षांची झाल्यावर ती उजवीकडून चावेना. आठवडाभर आम्ही लवंग धरली. "दुधाचा दात आहे, पडेल आपोआप," हे मी घरात इतक्या ठामपणे सांगितलं की शेजारीही तेच सांगू लागले. शेवटी सुट्टी टाकून लातूरला दंतवैद्यांकडं नेलं. त्यांनी आरसा आत घातला आणि म्हणाले, "पक्की दाढ किडलीय."

"पक्की? अहो, दुधाची असेल."

"सहाव्या वर्षी सगळ्यात मागं, कुठलाही दात न पडता येते ती. जन्माची दाढ."

माझा सस्पेन्स खात्याचा हिशेब असा सव्वा वर्षानं लागला. ही दाढ गुपचूप येते, उगवताना शेजारच्यांपेक्षा बुटकी असते म्हणून ब्रश तिच्यावरून नुसताच जातो, आणि तिच्या माथ्यावरच्या खोल खाचांत अन्न अडकून बसतं. रात्री झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे किडीला मोकळं रान. डॉक्टरांनी एक दाढ भरली, दुसरीच्या खाचा बुजवल्या. मी विचारलं, "समजा पडली, तर?"

"तर पडली. नवीन येत नाही."

मुदत ठेव मोडली की ग्राहकाचा चेहरा कसा होतो, ते मी वीस वर्षं काउंटरच्या आतून पाहतोय. त्या दिवशी बाहेरच्या बाजूनं पाहिलं. पोर खुर्चीत हुंदके आवरत माझं बोट धरून बसली होती आणि चूक तिची नव्हती.

"रात्री हिचे दात कोण घासतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीच घासते की. मोठी झालीय."

"सात-आठ वर्षांपर्यंत पोरांना नीट हात फिरवता येत नाही. मोठ्यांनी घासायचे. पेस्ट वाटाण्याएवढी. दोन मिनिटं. घासल्यावर फेस थुंकायचा, पण तांब्याभर चुळा नकोत, पेस्ट थोडी दातांवर राहू द्यायची." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "तुम्ही रात्री घासता?"

सौभाग्यवती खिडकीबाहेर बघू लागल्या. मी बिल किती झालं ते विचारलं.

तेव्हापासून रात्री साडेनऊला आमच्या मोरीपाशी रांग लागते. थोरल्याच्या हातात घड्याळ असतं. धाकटीचं डोकं मागून माझ्या पोटाला टेकवायचं, हनुवटी धरायची आणि मागच्या दाढांपासून सुरुवात करायची, हे आता मला जमतं. पाणी तांब्याच्या निम्म्यातच भागतं. मग माझी पाळी. मी घासताना ती कठड्यावर उभी राहून तपासणी करते, आणि मध्यवर्ती कार्यालयातून आलेला तपासनीस परवडला. परवा तिनं मला आ करायला लावून मोजणी केली.

"बाबा, एकोणतीस. तीन कमी."

"असू दे, मोठ्या माणसांचं चालतं."

"कुठं गेले? खरं सांगा."

मला सांगता येईना. ती तशीच वळली आणि आजीपुढं जाऊन उभी राहिली.

"आजी, आ कर."

"मोज बाई," आई तोंड उघडत म्हणाली, "तुझ्या एका हाताच्या बोटांवर होतील."