कुणापैकी?

आमच्या गावात नुसता 'तो' कुणीच नव्हता. 'तो' म्हटलं की पाठोपाठ त्याचा ठावठिकाणा यायचा. त्यो खालच्या आळीतला, त्यो वस्तीवरला, ती मधल्या घरातली, ते चिंचेपाशी राहणारे. गावात एकाच नावाची चार-पाच माणसं असायची. नावानं माणूस सापडत नसे, या शेपटानं बरोबर सापडे.

गाव पाथर्डी तालुक्यातलं, गर्भगिरीच्या डोंगराखालचं. रान जिरायत, पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळी उरकली की मुकादमाकडून उचल घेतलेली माणसं बैलगाड्या जोडून ऊसतोडीला निघायची. तिकडं कारखान्यावर कुणी विचारलं, "कुठले रे तुम्ही?" की उत्तर ठरलेलं, "आमी पाथर्डीकडले." आपल्या गावात जो 'वरल्या आळीतला' म्हणून मिरवायचा, तोही तिथं कोपीत राहणारा 'पाथर्डीकडला' व्हायचा. नगर जिल्हा एक, पण उत्तरेला भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली झालं, प्रवरेचे पाट वाहिले आणि तिकडचे लोक 'पाटाखालचे' झाले. आम्ही राहिलो 'डोंगराकडले'. 'आम्ही' तेच, पण त्यामागं कुठला शब्द जोडला यावर समोरचा बसायला घोंगडी टाकायची की नाही ते ठरवायचा.

घरातही हाच प्रकार. आज्जीनं आजोबांचं नाव जन्मात घेतलं नाही. 'हे', 'आमचे हे', फार तर 'मळ्यातनं आले का?' एवढंच. आजोबाही काही कमी नव्हते. पाव्हण्याला सांगायचे, "घरातनं बरं न्हाई." घरातनं म्हणजे आज्जी. एकदा शिरगणतीवाले गुरुजी आले. "मालकाचं नाव काय, आज्जी?" त्यांनी विचारलं. आज्जी म्हणाली, "लिवा की ह्यांचं." गुरुजींनी पेन्सिल कानावर ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. नाव मी सांगितलं.

असल्या भाषेत वाढलेला मी पाचवीत गेलो आणि इंग्रजी सुरू झालं. तेव्हा ते पाचवीपासूनच असे. पहिलीपासून आलं ते २००० साली. एबीसीडी पाठ झाली, 'आय, वी, यू, ही, शी' झालं आणि मग गाडं अडलं ते शब्दयोगी अव्ययांपाशी. मराठीत ते नावाच्या मागून येतं, शब्दाला चिकटतं. माझ्यासाठी, तुझ्याबरोबर, त्याच्यामागं. इंग्रजीत ते आधी येऊन उभं राहतं आणि सुटंच राहतं. फॉर मी, विथ यू, बिहाइंड हिम.

आम्ही अख्खा वर्ग लिहायचो, 'फॉर माय', 'बिहाइंड हिज'. सर वह्या तपासून कंटाळले, पण छडी उगारली नाही. हे सर परजिल्ह्यातून नवे आलेले, तरुण होते. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'माझा, माझी, माझ्यासाठी'. म्हणाले, "बघा, 'मीसाठी' आपण म्हणत नाही. आपलं 'मी' शब्दयोगी अव्यय आलं की मालकी सांगणाऱ्या 'माझ्या'चा सदरा घालतं. म्हणून तुम्हाला 'फॉर माय' सुचतं. तुम्ही ढ नाही, तुम्ही मराठी आहात." आपल्याला इंग्रजी येत नाही याला आपल्याच भाषेत काही कारण असू शकतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सरांच्या टेबलावर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असायची, पाठ फाटलेली, खाकी कव्हरातली. त्याच घराण्यातले दादोबा पांडुरंग, ज्यांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, ते पुढं आपल्या नगरलाच डेप्युटी कलेक्टर होते हेही सरांनीच सांगितलं. व्याकरण लिहिणारा माणूस नगरच्या रस्त्यांनी फिरला असेल याचं आम्हाला फार नवल वाटलं.

मग आमच्या गावठी 'तो'ची पाळी आली. 'त्यो नगरचा आला' याचं एकानं केलं, 'ही फ्रॉम नगर केम'. सर हसले. इंग्रजीत एकट्या 'ही'च्या मागं असं गाव लावत नाहीत, 'द मॅन फ्रॉम नगर' म्हणतात, नाहीतर 'द वन फ्रॉम नगर'. 'ते डोंगराकडले' याचं 'दे' होत नाही, 'दोज फ्रॉम द हिल्स' होतं. पण 'वी' आणि 'यू' यांना मात्र शेपूट चालतं. 'वी इन द व्हिलेजेस', आम्ही खेड्यातले. 'यू अ‍ॅट द बॅक', ए मागच्या बाकावरल्या! हे शेवटचं आम्हाला लगेच पाठ झालं, कारण रोज कानावर पडायचं.

सगळ्यात मजा 'ऑफ अस'ची. 'टू ऑफ अस' म्हणजे आमच्यातले दोघं. त्याच्यापुढं एक 'द' आला, 'द टू ऑफ अस', की झालं आम्ही दोघं. म्हणजे दोघंच, तिसरा नाहीच. एवढ्याशा 'द'नं माणसं आत-बाहेर होतात. पण 'अस' म्हणजे आम्ही की आपण, हे इंग्रजी सांगत नाही. 'आम्ही जेवायला बसतो' म्हटलं की समोरच्यानं ओळखावं, आपण निघावं. 'आपण बसू' म्हटलं की त्यानं पाय धुवायला जावं. इंग्रजीत दोन्हीकडं 'वी'. सर म्हणायचे, "इथं मराठी श्रीमंत आहे. तिला दाराच्या आतले आणि बाहेरचे वेगळे सांगता येतात."

ती श्रीमंती सरांच्याच वाट्याला कशी आली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. सरांना गावात खोली पाहिजे होती. एका संध्याकाळी ते पारापाशी आले. आम्ही पोरं गोट्या खेळत होतो. चहा मागवला गेला, पावसापाण्याचं बोलणं झालं. मग एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "सर, तुम्ही कुणापैकी?"

खेड्यात वाढलेल्याला या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. शहरातल्या वाचकासाठी सांगतो. 'कोण' हे सर्वनाम, 'पैकी' हे शब्दयोगी अव्यय, आणि दोन्ही मिळून विचारायची ती जात. जात हा शब्द न उच्चारता.

सर म्हणाले, "तुमच्यापैकीच, आबा. तुमचीच पोरं शिकवतो."

माणसं हसली. पण उत्तर काही मिळालं नव्हतं, आणि न मिळालेलं उत्तर गावाला बरोबर समजलं. तीन घरी खोल्या रिकाम्या होत्या. एकीत कडबा भरायचा ठरला, एकीत पाव्हणे येणार होते, तिसरीचं छप्पर गळायला लागलं. सर तालुक्याला राहिले. सकाळच्या एसटीनं यायचे, संध्याकाळच्या एसटीनं जायचे. गाडी चुकली की शाळेतच सतरंजी टाकायचे.

त्याबद्दल ते वर्गात एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात फळ्यावर 'वन ऑफ अस' लिहिलं आणि प्रत्येकाला एक वाक्य करायला सांगितलं. कुणी कपिलदेव घेतला, कुणी आपला बैल घेतला. छप्पर गळणाऱ्या घरातलं एक पोरगं उठलं आणि म्हणालं, "सर इज वन ऑफ अस." सर जरा थांबले. मग म्हणाले, "करेक्ट. सिट डाउन." आणि पुढच्याला उठवलं.

मीही पुढं इंग्रजीचा मास्तर झालो. जिल्ह्यातच, तीन-चार गावांत नोकरी केली. माझी पोरं अजून 'फॉर माय' लिहितात आणि मीही 'मीसाठी'चा सदरा सांगतो. गेल्या काही वर्षांत सुप्याकडं एमआयडीसीत आमची बरीच मुलं कामाला लागली. एकाचा फोन आला. तो आणि त्याचा मित्र ठेकेदाराकडं रात्रपाळी करत होते, दोघांचे पैसे अडकले होते. त्यानं मेल केला होता, 'टू ऑफ अस डिड नॉट गेट पेमेंट'. रात्रपाळीला पोरं बारा. ऑफिसातून उलटा प्रश्न आला की बारांपैकी कोणते दोघं? आणि या विचारण्यात महिना गेला. मी म्हटलं, "बाळा, पुढं 'द' लाव आणि दोघांची पूर्ण नावं घाल." पैसे आले. मास्तरकीत एवढं रोख फळ क्वचितच मिळतं.

'कुणापैकी' हल्ली फारसं कुणी विचारत नाही. हल्ली नुसतं नाव सांगितलं की म्हणतात, "पूर्ण नाव काय?" आडनाव कळलं की काम भागतं. नवीन आलेल्या शिक्षकाला खोली मिळते किंवा मिळत नाही.

शाळेत परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणतात. ती 'आम्ही'नं सुरू होते आणि लगेच त्या 'आम्ही'मागं सगळा भारत जोडलेला येतो. इंग्रजीतही तसंच, 'वी' आणि पाठोपाठ 'ऑफ इंडिया'. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी सातवीला आम्ही-आपण शिकवत होतो. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, तिथं 'आपण' का न्हाई? 'आम्ही' म्हटलं की कुणीतरी भाईर राहतंय ना?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, "शोधा बरं, बाहेर कोण राहतंय." पोरांनी सुरुवात केली. वस्तीवरले? आत. खालच्या आळीतले? आत. पाटाखालचे? तेही आत. एसटीनं येणारे सर? आत. फळ्यावर यादी वाढत गेली, बाहेरचा रकाना रिकामाच राहिला. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उठली.

"सर, जे कारखान्यावर गेलेत ते बी धरायचे ना?"

डिसेंबर महिना होता. हजेरीला बेचाळीसपैकी सव्वीस होते. "धरायचे," मी म्हटलं. तिनं पुढं येऊन सोळाही नावं स्वतःच्या हातानं फळ्यावर लिहिली.