सिमेंटचा कार्बन मोजला, हमाल कोण मोजणार?

आमचे बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर सिमेंटची पोती उतरवायचे. पन्नास किलोचे एक पोते. संध्याकाळी घरी आले की भुवया, कान, मान सगळे करडे. आई त्यांना आधी ओसरीवरच अंग झाडायला लावायची, कारण घामेजल्या अंगावर सिमेंट राहिले की कातडी फाटते. टोळीत पंधरा जण होते. बारा आपल्या बुद्धविहाराच्या वस्तीतले, तिघे मातंग वस्तीतले. सोळावा मुकादम, तो मात्र आपला नव्हता.

हे आठवायला कारण घडले. मागच्या वर्षी चंद्रपूरला ‘हरित सिमेंट’ या विषयावर एक कार्यशाळा झाली. सामाजिक संस्थांना बोलावले होते म्हणून आम्ही गेलो. वक्ते अभ्यासू होते, त्यांनी सांगितलेले आम्ही वहीत उतरवून घेतले. भट्टीत कोळसा जळतो म्हणून धूर होतो, एवढेच आम्हाला ठाऊक होते. पण सिमेंटचा मोठा कार्बन कोळशातून नाही, दगडातूनच येतो! शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की छप्पन्न किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. उद्या भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हे चव्वेचाळीस किलो सुटत नाहीत. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटचा आहे, तो मुख्यतः यामुळे.

म्हणून उपाय एकच सोपा: भट्टीतून निघणारा क्लिंकर कमी वापरायचा. औष्णिक वीज केंद्राची राख मिसळून आपल्याकडे पीपीसी सिमेंट कधीपासून विकले जाते, त्यात पस्तीस टक्क्यांपर्यंत राख चालते. आता एलसी-थ्री आले आहे. यात क्लिंकर निम्मा, तीस टक्के भाजलेली चिकणमाती, पंधरा टक्के न भाजलेली चुनखडी आणि थोडा जिप्सम. माती आठशे अंशांच्या आसपास भाजली की भागते, क्लिंकरला साडेचौदाशे लागतात. कार्बन चाळीस टक्क्यांपर्यंत घटतो. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या आयआयटींच्या संशोधकांनी मिळून हे केले आणि 2023 मध्ये त्याला भारतीय मानकही मिळाले. चांगलीच गोष्ट आहे.

मग पडद्यावर अर्थव्यवस्थेचे मॉडेल आले. भांडवल ‘के’, श्रम ‘एल’, उत्पादन ‘वाय’, शेजारी कार्बन. आम्ही विचारले, “सर, यात पोती उचलणारे कुठे आहेत?” ते हसून म्हणाले, “हा काय एल. त्यातच आले सगळे.”

सगळे! समाजशास्त्रात एम.ए. केल्याचा एक तोटा असा की असले ‘सगळे’ आम्हाला झोपू देत नाही.

घरी येऊन या मॉडेलांचा इतिहास वाचला. 1936 साली नेदरलँड्समध्ये यान टिनबर्गेन यांनी अख्ख्या देशाची अर्थव्यवस्था वीसेक समीकरणांत मांडली. त्याच वर्षी केन्सचा ‘जनरल थिअरी’ हा ग्रंथ आला. त्याच वर्षी वासिली लिओन्टिफ यांचा उद्योगांच्या देवघेवीचा तक्ता छापला गेला. आणि मित्रांनो, त्याच 1936 मध्ये बाबासाहेबांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ प्रसिद्ध झाले. जात फक्त कामे वाटून देत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडून वर-खाली बसवते, हे त्यात सांगितले आहे. म्हणजे ‘एल’ हा एकसंध आकडा नाही, हा अर्थशास्त्रालाच घातलेला प्रश्न होता, आणि घालणारा माणूस कोलंबिया व लंडनमधून अर्थशास्त्र शिकून आलेला होता. उत्तर कोणी दिले? महालनोबिस यांच्या मॉडेलवर दुसरी पंचवार्षिक योजना उभी राहिली, पोलाद आणि यंत्रे आली, पण जातीचे चिन्ह त्या समीकरणांत नव्हते. पुढे हवामानासाठी विल्यम नॉर्डहाउस यांनी डाइस मॉडेल केले, त्यांना 2018 चे नोबेल मिळाले. त्यात श्रम म्हणजे चक्क जगाची लोकसंख्या.

मॉडेलात नवे काही घालता येत नाही, असे मात्र नाही. 1970 मध्ये लिओन्टिफ यांनी आपल्या तक्त्यात प्रदूषणाची एक ओळ वाढवली. धूर मोजायचा ठरवला, तर धूर मोजता आला.

आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, कार्बन हा एसीत बसणाऱ्यांचा विषय, आपल्या पोरांना आधी नोकऱ्या द्या. आम्हाला हे पटत नाही. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात गाडी भरणारा कोण आहे, ते त्यांनी एकदा जाऊन पाहावे. शिवाय नोकऱ्यांचा निर्णय याच हिशेबात होतो आहे. क्लिंकर घटला की खाणीतले आणि भट्टीवरचे काम घटेल, माती खोदण्याचे आणि राख हाताळण्याचे वाढेल. कायम नोकऱ्या कुठल्या जाणार आणि ठेकेदाराची कामे कुठली येणार? हा उद्योग याबाबतीत जुना खेळाडू आहे. सिमेंटच्या वेतन मंडळाने कंत्राटी पद्धत बंद करायला सांगितली, तेव्हाही माल चढवणे-उतरवणे तेवढे वगळले होते. आमच्या बाबांचे काम नेमके त्या वगळलेल्या ओळीतले.

आता सिमेंट कारखान्यांना टनामागे किती कार्बन सोडायचा याची उद्दिष्टे मिळाली आहेत, कमी सोडला तर कार्बन क्रेडिट विकता येईल. शेअर बाजारातल्या मोठ्या हजार कंपन्यांना सेबीच्या नियमाने दरवर्षी सामाजिक जबाबदारीचा अहवालही द्यावा लागतो. त्यात कायम कामगार किती, बिगर-कायम किती, स्त्रिया किती, दिव्यांग किती, असे रकाने आहेत. जातीचा रकाना नाही. आमची मागणी एवढीच: जी कंपनी कार्बन क्रेडिट विकेल, तिने खाण, भट्टी, पॅकिंग आणि लोडिंग इथले कायम व ठेक्याचे कामगार सामाजिक प्रवर्गानुसार जाहीर करावेत. कार्बन किलोने मोजता येतो, तर माणसे डोक्याने मोजता येतील. कंपन्यांचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. आपापल्या जिल्ह्यातल्या कारखान्याचा अहवाल उतरवून घ्या आणि तो घेऊन पॅकिंगच्या फाटकावर जा. तिथले ठेक्यातले लोक तुम्हाला त्यातले न छापलेले आकडे सांगतील.

बाबा आता घरीच असतात, गुडघे गेले आहेत. निम्म्या क्लिंकरच्या नव्या सिमेंटबद्दल आम्ही त्यांना समजावून सांगितले. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, “पण पोतं तं पन्नास किलोचंच राहीन ना?”