वातीची चढण

आमच्या वावरातली पऱ्हाटी फुटली की पहिल्या वेचणीतला मूठभर कापूस आजी देवासाठी काढून ठेवायची. सरकी काढायची, बोटांना राख लावायची आणि मांडीवर वात वळायची. एकदा तिनं कापसाचा पुंजका पाण्यावर टाकला. तो कोरडाच तरंगत राहिला. दुसरा तेलाला नुसता टेकवला, तर तेल आपसूक आत शिरलं. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, पाणी त्याला नको, तेल हवं, हे मला फार पुढे कळलं.

एका पावसाळ्यात घासलेट मिळेना, म्हणून मी कंदिलात जवसाचं तेल ओतलं. ज्योत जरा वेळ टिकली, मग काजळी धरली आणि वातच जळायला लागली. टाकी भरलेली, वातीचं तोंड कोरडं! वातीतून तेल वर चढतं ते केशाकर्षणानं, हे शाळेत शिकलो. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटीमीटर चढतं, नळी दहापट बारीक असेल तर ३० सेंटीमीटर. पण किती उंच चढेल एवढंच त्यात होतं, किती वेगानं चढेल हे नव्हतं. जवसाचं तेल दाट. ज्योतीची भूक मोठी आणि तेलाची चाल मंद.

मगनदीप नावाच्या कंदिलाबद्दल वाचलं तेव्हा माझा तो कंदील आठवला. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं ठाणं वर्ध्याची मगनवाडी. जे. सी. कुमारप्पांसारखी माणसं तिथं खपत होती. गावानं रॉकेल विकत न घेता आपल्याच तेलबियांवर उजेड करावा, म्हणून त्यांनी तेलावर चालणारा हा मगनदीप घडवला. माझं अडलेलं कोडं इतक्या जिव्हाळ्यानं कुणी आधीच हाती घेतलं होतं, यानं मला आजही भरून येतं.

बाबांचं मात्र उलटं होतं. त्यांना मातीतल्या पाण्याची चढण थांबवायची होती. पाऊस उघडला, काळी माती वरून आवळली की ते डवरा जुंपायचे. "वरची तोंडं मोडली का ओल खालीच राह्यते," म्हणायचे. मातीच्या कणांमधल्या बारीक वाटांनी पाणी वर येतं आणि उन्हात उडून जातं. डवऱ्याची पास त्या वाटाच तोडते, वर भुसभुशीत थर पसरते, भेगाही बुजवते. पंधरा दिवस थेंब नसताना एका संध्याकाळी त्यांनी तासातली कोरडी माती हातानं बाजूला सारली, खालून एक ढेकूळ काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ते गार होतं. मुठीत दाबलं तर त्याचा लाडू वळला.