तीर्थनकाठचे सहा दिवस

कोकणच्या माणसाला गरी नवीन नाही. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत भरती ओसरू लागली की गरीला कोळंबी लावून तांबोशीच्या आशेने तासन्‌तास उभे राहणारे हात मी लहानपणापासून पाहिलेले आहेत, आणि त्यांत माझ्या वडिलांचेही हात होते. त्यामुळे मासे गरवणे म्हणजे आमिष पाण्यात सोडून स्वस्थपणे वाट पाहणे, ही जी धारणा माझ्या मनात पन्नास वर्षे अबाधित राहिली होती, ती हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात, तीर्थन नावाच्या नदीच्या काठी, चैत्राच्या उत्तरार्धातील अवघ्या सहा दिवसांत मोडून पडली.

चंदीगडपर्यंतची आगगाडी आणि तेथून पुढची रात्रीची बस, यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. पहाटे मंडी मागे पडली, पंडोहच्या धरणाचे निश्चल हिरवे पाणी दिसले, आणि औटच्या बोगद्याच्या तोंडाशी मनालीचा हमरस्ता सोडून आमची गाडी लारजीच्या अरुंद वाटेला लागली. लारजीला सैंज आणि तीर्थन या दोन नद्या बियासला येऊन मिळतात, आणि तेथेच बियास धरणाने अडवलेली आहे. तिन्ही नद्यांचे पाणी त्या जलाशयात एकरंगी, मुके होऊन पडलेले असते. तेथून तीर्थनच्या कडेने वर चढू लागावे तो पाण्याला पुन्हा वाचा फुटते. बंजार ओलांडून गुशैणीच्या दिशेने जाताना सफरचंदाच्या बागा फुलोऱ्यावर आल्या होत्या, जवाची शेते अजून हिरवी होती, वरच्या उतारांवर बुरांशाच्या तांबड्या फुलांचे ठिपके दिसत होते, आणि देवदाराच्या तुळया व दगड यांचे थर चुन्याशिवाय एकावर एक रचून बांधलेली तिकडची काठकुणी घरे त्या उतारांवर शतकांचा अनुभव असलेल्या माणसासारखी निश्चिंत बसली होती.

मासेमारीचा परवाना मत्स्यविभागाच्या नागनी येथील केंद्रावर मिळाला. नाव, पत्ता, तारीख, फी, सही आणि शिक्का, एवढाच त्याचा पसारा. पण त्यावरील शर्ती मी दोनदा वाचल्या, कारण त्यांत नदीचे वर्षभराचे वेळापत्रक सामावलेले होते. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारीस बंदी असते. या चार महिन्यांत इथल्या ट्राउट माशाची मादी उथळ, वाहत्या पाण्यातील वाळूगोट्यांत शेपटीने खळगा करून अंडी घालते, आणि पाणी जितके थंड तितका अंड्यांना काळ अधिक लागतो. चार-पाच अंश तापमानात तीन महिनेसुद्धा. सरकारी बंदोबस्त आणि सृष्टीचा बंदोबस्त यांचा असा तंतोतंत मेळ मी क्वचितच पाहिला आहे. केंद्रातील सिमेंटच्या हौदांत बोटभर लांबीची पिल्ले प्रवाहाकडे तोंड करून एका दिशेने उभी होती. जन्मापासून हौदात वाढलेल्या त्या जिवांनाही नदीची शिस्त कोणी शिकवावी लागली नव्हती.

हा मासा मूळचा इथला नाही. युरोपातील तपकिरी ट्राउटची अंडी त्या काळच्या रीतीप्रमाणे बर्फात व ओल्या शेवाळात बांधून हिंदुस्थानात आणण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाले; काश्मीरसाठी इंग्लंडहून १८९९ साली निघालेली खेप वाटेतच मेली, पण त्यानंतर स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप तगली, आणि श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल नावाच्या गृहस्थांनी तिचे संगोपन केले. तेथूनच १९०९ साली काही अंडी कुलूत महिली येथे आणून उबवण्यात आली; त्या खटाटोपामागे हॉवेल हे अधिकारी होते. साहेबाला आपल्या देशातील विरंगुळा इथे हवा होता, हे उघडच आहे. परंतु हेतू काहीही असो, ज्या जिवाला सुमारे वीस अंशांवरचे पाणी सोसत नाही, ज्याला प्राणवायूने भरलेला, निर्मळ, धावता प्रवाहच लागतो, तो शंभराहून अधिक वर्षे या खोऱ्यात नांदतो आहे, ही गोष्ट या खोऱ्याच्या पाण्याविषयी पुष्कळ सांगून जाते.

माझे वाटाडे साठीच्या घरातले, बंजार तहसिलीतच जन्मलेले आणि वाढलेले. त्यांना मी चाचाजी म्हणू लागलो आणि ते मला बाबूजी. पहिल्या सकाळी मी नवी कोरी काठी जोडायला घेतली, तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून हळूच काढून एका अक्रोडाच्या बुंध्याला टेकवून ठेवली.

“आज नाही, बाबूजी. आज फक्त बघायचं.”

त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरून एक चपटा दगड उचलला आणि त्याची ओली पाठ माझ्यासमोर धरली. तिच्यावर एक अख्खी वस्ती होती. सहा पायांचे, चपटे, तीन शेपट्यांचे काही जीव दगडाला बिलगून सरकत होते. ज्याला इंग्रजीत मेफ्लाय म्हणतात त्या कीटकाची ती बाल्यावस्था. हा जीव पाण्याखाली महिनोगणती, कधी वर्षभरही, राहतो, आणि पंख फुटून पाण्याबाहेर आला की त्याचे आयुष्य काही तासांचे किंवा फार तर दोन-तीन दिवसांचे उरते. त्या अवधीत तो अन्नाला शिवतही नाही. शेजारीच वाळूचे कण लाळेच्या धाग्याने जोडून केलेली, जोंधळ्याच्या दाण्याहून थोडी लांब अशी नळीसारखी घरे होती, आणि त्यांत कॅडिस नावाच्या दुसऱ्या कीटकाच्या अळ्या राहत होत्या. ट्राउटचे बहुतेक अन्न हे असे पाण्याखालीच असते. पृष्ठभागावर उडी घेऊन माशी टिपताना तो आपल्याला दिसतो म्हणून आपण समजतो की तो तेवढेच खातो. दगड चाचाजींनी होता त्याच जागी, होता त्याच बाजूने परत ठेवला. त्या कृतीतील आदर मला पुढचे पाच दिवस पुरला.

दुपारपर्यंत आम्ही बसून पाणी पाहिले. पाहता पाहता त्या एकसंध वाटणाऱ्या खळखळाटाचे विभाग पडू लागले: मोठ्या धोंड्याच्या पुढे पाण्याची एक उशी असते, मागे एक निवांत पोकळी असते, आणि वेगवान व संथ प्रवाह जेथे एकमेकांना घासतात तेथे फेसाची एक शिवण पडते. ट्राउट त्या शिवणीच्या संथ बाजूला, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे श्रम थोडे आणि वरून वाहत येणारे अन्न हाताशी. दुपारी एकच्या सुमारास वरच्या शिखरांवरचे वितळलेले बर्फ येऊन पोहोचले. पाणी चार बोटे चढले, दुधाळ झाले, आणि सकाळी स्पष्ट दिसणारा तळ नाहीसा झाला. वसंतात या नदीवर जे काही करायचे ते सकाळीच.

दुसऱ्या दिवशी काठी हाती आली. खाडीवर आपण वजन फेकतो आणि दोरी त्याच्यामागे जाते. इथे सारे उलटे आहे. गळाला बांधलेली माशी, म्हणजे कोंबड्याच्या मानेचे पीस, सशाची लव आणि रेशमाचा धागा यांचा गव्हाच्या दाण्याएवढा पुंजका, जवळजवळ वजनरहित असते. म्हणून वजन दोरीलाच दिलेले असते, आणि नऊ फुटांची लवचीक काठी त्या जाड दोरीला मागे उलगडते, क्षणभर थांबते, मग पुढे उलगडते. ते थांबणेच अवघड. दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होण्याआधी हात पुढे गेला की सारा डोलारा डोक्यावर कोसळतो, आणि फार उशीर केला की माशी मागच्या झुडपात अडकते. मला दोन्हींचा भरपूर अनुभव आला. आणि माशी नीट पडली तरी काम संपत नाही: मधला वेगवान प्रवाह दोरीला पोटात धरून ओढतो, माशी पाण्यावर रेघ ओढत जाते, आणि कोणताही खरा कीटक तसा जात नसल्यामुळे मासा तिच्याकडे पाहतही नाही. मासा आणि माशी. आपल्या भाषेत दोन्ही शब्द इतके जवळ असून, एकीला दुसऱ्यापर्यंत विश्वासार्हपणे पोहोचवायला मला पुरते तीन दिवस लागले.

रात्री शेगडीजवळ बसून गरम सिड्डू, म्हणजे तिकडची वाफवलेली भाकरी, तुपात बुडवून खाताना मला सोमेश्वराची आठवण झाली. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील या राजाने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा जो विश्वकोशतुल्य संस्कृत ग्रंथ रचला, त्यात मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान आहे. माशांच्या जाती, त्यांची वसतिस्थाने, कोणाला काय खाऊ घालावे आणि गळाने कसे पकडावे, याचा विचार त्यात आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग ज्याच्या सत्तेखाली होता त्या राजाला हा विषय लेखणीच्या योग्यतेचा वाटला, आणि आपण मात्र त्याला एकतर पोटाचा धंदा समजलो किंवा साहेबी चैन. पाणी, कीटक आणि मासा यांच्या निरीक्षणाची ही विद्या आपल्याकडे परकी मानण्याचे काही कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाचव्या दिवशी सहा वाजता आम्ही नदीवर होतो. हवेत दवाचा गारठा, पाणी काचेसारखे, आणि समोरच्या धोंड्यावर एक इवलासा जलपक्षी शेपूट उघडमीट करीत बसलेला. चाचाजींनी खालच्या बाजूने, म्हणजे माशाच्या पाठीमागून, वाकून येण्याची खूण केली. सूर्य अजून कड्याआड असल्याने सावली पडण्याची धास्ती नव्हती. मी दोरी उलगडली, थांबलो, पुढे सोडली. माशी शिवणीच्या वरच्या टोकाला पडली आणि दोन हात, तीन हात, काहीही ओढ न बसता, अगदी मोकळी वाहत आली. पाण्यावर एक लहानसे वर्तुळ उमटले. काठी वाकली, आणि त्या काठीतून जे माझ्या मनगटापर्यंत आले ते केवळ ओढ नव्हे, एका संपूर्ण, स्वतंत्र इच्छाशक्तीचे स्पंदन होते.

हात ओले करून मी तो धरला. वीतभराहून थोडा मोठा, पोटाला लोण्यासारखा पिवळा, अंगावर काळे ठिपके आणि त्यांत फिक्या वलयांनी वेढलेले काही तांबडे. गळाचा काटा चाचाजींनी आदल्या रात्रीच चिमट्याने दाबून बोथट केला होता, त्यामुळे तो सहज निघाला. प्रवाहाकडे तोंड करून मी माशाला पाण्यात आधार दिला. कल्ले दोनतीनदा उघडले, मिटले, आणि माझ्या तळव्यावर शेपटीचा एक फटका मारून तो गेला. वडिलांना हे कसे समजावून सांगितले असते, कोण जाणे; त्यांनी घरी आणलेली तांबोशी आमच्या कालवणात पडे, आणि तेही योग्यच होते. खाडी त्यांना पुरवत होती. हिमनदीच्या थेंबाथेंबावर जगणाऱ्या या प्रवाहाची श्रीमंती त्या मानाने फार मोजकी आहे.

परतीच्या आदल्या संध्याकाळी मी विचारले, ही नदी अजून मोकळी कशी राहिली? चाचाजींनी उत्तर दिले ते अभिमानाने. या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्पांच्या योजना आल्या होत्या. गावकऱ्यांनी त्यांना विरोध केला, बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब त्या लढ्यात अग्रभागी होते, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि तीर्थन प्रकल्पमुक्त राहिली. वरचे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत गेले, पण नदीचे रक्षण आधी खालच्या गावांनी केले. याच पाण्यात ‘असला’ नावाचा इथला मूळचा मासाही राहतो. आगंतुक ट्राउटच्या कौतुकात त्याचा विसर पडणे मला अन्यायाचे वाटते, आणि नदी अडवली असती तर बेघर होण्यात दोघांत काही भेद झाला नसता. बाहेर पडताना लारजीचा तो स्तब्ध जलाशय मी पुन्हा पाहिला, तेव्हा हे सांगायला कोणी लागले नाही.

तुम्ही तीर्थनला जाणार असाल तर मार्चनंतर आणि पावसाळ्याआधी जा. परवाना घ्या, गळाचा काटा बोथट करा, माशाला ओल्या हातानेच धरा. आणि पहिला दिवस काठी झाडाला टेकवून ठेवा. एक दगड उलटून पाहा, मग तो होता तसा परत ठेवा.