किती पंप मारले?

वाचकहो, आपल्या घरातील कोणी फवारणीच्या कामाला जात असेल, किंवा आपल्या शेतावर कोणी फवारणीस येत असेल, तर हे आपणांसाठी आहे.

काही वर्षांपूर्वी कोरेगावजवळच्या आमच्या आल्याच्या रानात कंदमाशीसाठी क्विनॉलफॉसची फवारणी चालली होती. दुपार कलली आणि फवारणाऱ्या गड्याला दरदरून घाम सुटला, तोंडातून लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. डॉक्टरांनी ॲट्रोपीन सुरू केले आणि मला विचारले, "किती पंप मारले? अंगावर किती सांडले? काल-परवाही हेच काम होते का?" मी मालक. मजुरी चोख देत आलो, पण यांतले एकही उत्तर मजजवळ नव्हते. पंप झाकणाशी गळत होता आणि पाठीवरचा सदरा सकाळपासून ओला होता, हे त्याच्या पत्नीने सांगितले. तो वाचला, हे माझे भाग्य.

डब्यावरचा लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण विष किती जहाल ते सांगतो. माणसाच्या अंगात किती गेले, ते सांगत नाही. नाकातोंडाला रुमाल बांधला म्हणजे झाले, असे आपण समजतो. प्रत्यक्षात फवारणाऱ्याच्या अंगात विष मुख्यतः कातडीवाटे जाते.

या वर्गातील औषधे रक्तातील कोलिनेस्टरेज नावाचे विकर निकामी करतात. त्याची तपासणी होते, परंतु त्याचे प्रमाण मुळातच माणसागणिक वेगळे असते. म्हणून हंगामापूर्वीचा आकडा हाती नसेल, तर नंतरच्या आकड्यावरून फारसे कळत नाही. कीटकनाशक नियम १९७१ नुसार अशा रसायनांच्या कारखान्यांत ही तपासणी दरमहा व्हावयास हवी. रोजंदारीवर येणाऱ्या गड्याची ती कोण करतो? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा कुठे हा प्रश्न चारचौघांत बोलला गेला.

घरातील वडीलधाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. फवारणीचे कपडे बहुधा आजीच्याच हाती धुण्यास येतात, तेही उघड्या हातांनी. ते वेगळे ठेवावेत, हातमोजे घालून स्वतंत्र धुवावेत. विस्मरणाच्या आजारावरील डोनेपेझिल हे औषधही याच विकराला आवर घालते. ते घेणाऱ्यांनी या कपड्यांना हातच लावू नये.

आता आमच्या गोठ्याच्या भिंतीवर एक वही टांगलेली असते. तारीख, औषध, किती पंप, वारा कोणीकडून, पंप गळतो की नाही. फवारणी सुरू होण्याआधी मी त्याला साताऱ्यास नेऊन रक्त तपासून घेतले. तो अहवाल मी माझ्या कपाटात ठेवणार होतो. "माझं रगात हाय, माझ्याच ट्रंकेत ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.