आईचे गुडघे, पुढचे ब्रेक

५ ऑक्टोबर २०२५
पार्किंग एकच, म्हणून गाडीही एकच. आठवडाभर सांगवी ते चाकण, मधूनमधून आईचं हॉस्पिटल, आणि थंडीत जमेल तेव्हा रेसट्रॅक.
चार मीटरच्या आत हवी. गिअर हाताने बदलायचे. आईला बसता-उतरता आलं पाहिजे. वीस मिनिटं जोरात चालवल्यावर ब्रेक शाबूत राहिले पाहिजेत. आणि ट्रॅकवरून त्याच गाडीने घरी यायचं, टोचन लावून नाही.

७ ऑक्टोबर
मोशी ते चाकण चौक, पाऊण तास. पहिला, दुसरा, न्यूट्रल. डावा पाय भरून आला. तरी मॅन्युअलच. दोन क्लचवाले गिअरबॉक्स रांगेत सरपटताना तापतात, कोरडा क्लच असला की जास्तच. आणि वळणाआधी गिअर मला हवा तेव्हा पडायला हवा.

११ ऑक्टोबर
२२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के. शोरूममध्ये उभं राहायला जागा नाही.
अट मात्र जुनीच. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत. त्यामुळे आपल्याकडची जोरकस छोटी गाडी म्हणजे एक किंवा १.२ लिटर आणि वर टर्बो. युरोपातली आय-ट्वेंटी एन १.६ लिटरची, २०४ हॉर्सपॉवरची होती. इथली एन लाइन ९९८ सीसी, १२०. मला १२० पुरतात. इतक्या शक्तीत वेग वळणातूनच काढावा लागतो, आणि मला तेच शिकायचंय.

१२ ऑक्टोबर
एन लाइन चालवली. सहा गिअर, नेमके पडतात. चारही चाकांना डिस्क. सस्पेन्शन जरा ताठ, पण सांगवी फाट्याच्या खड्ड्यांत सोसवलं. खूप आवडली.
आईला पुढे बसवलं. दोन्ही हातांनी दार धरून बसली. काही बोलली नाही. उतरताना मला हाक मारली.

१३ ऑक्टोबर
आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन जुलैत झालं. उजव्याचं डिसेंबरात. डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा वाचलं: गाडीकडे पाठ करायची, आधी टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. त्यासाठी दार पूर्ण उघडायला हवं. कुठल्याही गाडीच्या माहितीपत्रकात दाराचा कोन सापडला नाही.

१७ ऑक्टोबर
वसुबारस. कामावर अर्धा दिवस.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. दादाकडे सगळे जमलो. भाच्याने जेवताना मोबाइल दाखवला. ताम्हिणी घाट, रात्र, मित्राची गाडी, आतून काढलेला व्हिडिओ. स्पीडोमीटरवर कॅमेरा. वळण आलं तेव्हा गाडी पलीकडच्या लेनमध्ये होती.
ताई स्वयंपाकघरात होती. तिने पाहिलं नाही.
एकोणीस वर्षांचा आहे. मी विचारलं, समोरून एसटी आली असती तर? म्हणाला, "मावशी, रात्री लाइट दिसतो ना."
बासुंदी गोड लागली नाही.

२४ ऑक्टोबर
झोप नाही. त्याला रागावून उपयोग नाही, वेगाची ओढ मलाही आहे. पण घाटाला ट्रॅकसारखा मोकळा रनऑफ नसतो. कठडा असतो, आणि कठड्यापलीकडे दरी.
गाडी निवडताना आता हेही धरायचं. तो माझ्यासोबत ट्रॅकवर येणार. स्टिअरिंग त्याच्याही हातात जाणार. ईएससी आणि सहा एअरबॅग असल्याच पाहिजेत.

२ नोव्हेंबर
रांजणगावला एकाकडे अबार्थ पुंटो. लाल स्टिकर, १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटन-मीटर, चारही डिस्क. रांजणगावच्याच कारखान्यात बनलेली. स्टिअरिंगमध्ये जो जडपणा आहे तो आजच्या कुठल्याच नव्या गाडीत नाही. अर्धा तास चालवली. परत देताना जिवावर आलं.
फियाटने इथला गाशा गुंडाळून वर्षं झाली. मालक सांगत होता, काचेच्या रबरासाठीही ओळखी काढाव्या लागतात. मला सोमवारी सात वाजता गेटवर पोचायचं असतं.
नाही.

५ नोव्हेंबर
चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यावरून रोज जाते. पोलो तिथेच बनायची. २०२२ मध्ये बंद झाली, शेवटच्या लेजंड आवृत्तीच्या ७०० गाड्या निघाल्या. एक लिटर टीएसआय, ११० हॉर्सपॉवर, मॅन्युअल, अशी एक पाहिली. पाचव्या मिनिटाला अंगात मुरते. चांगली ठेवलेली असली की मालक सोडत नाहीत, सोडली तर किंमत ऐकवत नाही.
एअरबॅग दोनच.

६ नोव्हेंबर
स्विफ्टचाही विचार केला. हलकी गाडी ब्रेकला जपते, टायरला जपते. कमी वजन ही एकच गोष्ट वेग घेताना, वळताना आणि थांबताना, तिन्ही वेळा कामी येते. पण आईला तेच जुनं दार.

९ नोव्हेंबर
विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचली. 'वापराच्या मर्यादा' या कलमात स्पष्ट आहे: आयोजित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल, यांत संरक्षण नाही. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे मला माहीत आहे. सर्व्हेअर मानेलच असं नाही. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च माझा, असं धरून चालायचं.
मग कर्ज काढून नवी कोरी गाडी ट्रॅकवर न्यायची नाही. जी मोडली तर स्वतःच्या पैशांनी दुरुस्त करता येईल तीच. म्हणजे वापरलेली. आणि बजेटचा पाचवा हिस्सा बाजूला: पॅड, ऑइल, टायर, हेल्मेट, कोइम्बतूरच्या ट्रॅकपर्यंतचा प्रवास.

११ नोव्हेंबर
गॅरेजवाले काका म्हणाले, स्प्रिंगा खाली घेऊ, मस्त बसेल. नको म्हटलं. आईच्या गुडघ्याला नको, चाकणच्या रस्त्याला नको. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. कंपनीने जशी बनवली त्यात मूळ बदल करता येत नाहीत. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, ठरलेल्या मापाचे टायर, एवढं झिजणारं सामान चांगलं घालायचं. पुरेसं आहे.

१५ नोव्हेंबर
अल्ट्रॉझ रेसर. एमएच-१४, एक हात, २०२४ ची. १.२ टर्बो, १२० हॉर्सपॉवर, १७० न्यूटन-मीटर, सहा गिअर, सहा एअरबॅग, ईएससी.
मागे ड्रम ब्रेक. तिथेच मन खट्टू झालं.
आई म्हणाली, दार उघड बघू. उघडलं. उघडतच गेलं, थेट काटकोनात. तिने पाठ केली, टेकली, पाय आत घेतले. कशालाही धरलं नाही. मग स्वतःच उतरली आणि परत बसली.
मी कोपऱ्यात उभं राहून ड्रमचा विचार करत होते.

१६ नोव्हेंबर
कागद घेऊन बसले. हे माझं रोजचं काम आहे, आमच्या लाइनवर बिडाच्या डिस्कच कातल्या जातात.
१२० च्या वेगावरून ६० वर येताना गाडीची पाऊण गतिज ऊर्जा उष्णतेत जाते. अर्धी नव्हे, पाऊण. कारण वेगाचा वर्ग. ही उष्णता कुठे जाते? ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं. पुढे इंजिन, पुढेच ओढणारी चाकं. मागची चाकं हलकी होतात, त्यांच्या वाट्याला थोडंच काम येतं. छोट्या गाडीत मागची डिस्क दिसायला छान, पण दम पुढच्या जोडीचा निघतो. वीस मिनिटांच्या सत्रात मागचा ड्रम ही माझी अडचण नाही. पुढचे पॅड आणि ऑइल ही अडचण आहे, आणि ती कुठलीही गाडी घेतली तरी आहेच.
एन लाइनचं पान वहीत दुमडलं.

१८ नोव्हेंबर
शर्यतपटू नरेन कार्तिकेयनने २०२४ मध्ये कोइम्बतूरच्या कोस्ट ट्रॅकवर रेसर पळवली, एन लाइनपेक्षा दोनेक सेकंदांनी जलद. ऑफिसातल्या मुलांना तेवढंच माहीत आहे. तो एका लॅपचा आकडा. मला सहाव्या लॅपला पेडल कुठे असेल ते हवंय.

२२ नोव्हेंबर
काकांसोबत गाडी पुन्हा पाहिली. टायरवर ३१२४, म्हणजे २०२४ चा एकतिसावा आठवडा, गाडीसोबतचेच. डिस्कच्या कडेला ओठ जेमतेम. खालून ठोकलेली नाही. लिफ्टवरून उतरवताना काका म्हणाले, "ताई, घ्या." ते एवढं कमी बोलत नाहीत.

२६ नोव्हेंबर
घेतली. आईने नारळ वाढवला.

३० नोव्हेंबर
ब्रेक ऑइल बदललं. डॉट ४ ताजं असताना उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस. तेच ओलावा शोषून घेतं आणि प्रमाणानुसार १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. आपल्याकडे चार महिने पाऊस. जुनं ऑइल बाटलीत काढलं, चहाच्या रंगाचं. हेच घेऊन लोक घाट उतरतात.
भाच्याला बोलावून ब्लीडिंग त्याच्याकडून करून घेतलं. पेडल दाब, धर, सोड. तासभर. सांगितलं, पेडल मऊ पडलं तर ऑइल उकळलंय. पेडल दगडासारखं घट्ट आणि तरी गाडी थांबत नाही, तर पॅड गेलेत. दोन्हीचा फरक पायाला कळला पाहिजे.
घाटाचा विषय काढला नाही.

१० डिसेंबर
आईचं ऑपरेशन. नीट झालं.

१५ डिसेंबर
आईला घरी आणलं. सीट पूर्ण मागे, पाठ जरा कललेली. औंधपर्यंत एकही खड्डा चुकवायचा राहू दिला नाही. तिला झोप लागली.

२१ डिसेंबर
भाचा आणि मी कोल्हापूर. मोहिते अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक. पहिल्या फेऱ्यांत तो सगळ्यांत जोरात आत शिरायचा आणि सगळ्यांत हळू बाहेर पडायचा. शिकवणाऱ्याने एकच सांगितलं: गाडीच्या नाकाकडे बघू नकोस, जिथून बाहेर पडायचंय तिथे बघ. दुपारी त्याची वेळ उतरत गेली. परतताना कराडच्या रुंदीकरणात दोन तास अडकलो, तरी बडबड थांबली नाही.

५ जानेवारी २०२६
पुढचे पॅड आले. ट्रॅकसाठीचे पण रस्त्यावरही चालणारे. शुद्ध शर्यतीचे पॅड मुद्दाम घेतले नाहीत, ते थंड असताना चावत नाहीत. सकाळी सात वाजता मोशीला समोर शाळेची रिक्षा आली की मला पहिल्या दाबात थांबायचं असतं.

९ जानेवारी
नवे पॅड बसवले. भोसरीच्या रिकाम्या रस्त्यावर हलक्या ब्रेकने बसवून घेतले. किंचित चिरकतात. आईने विचारलं, काही बिघडलं का.

२२ जानेवारी
निघालो. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी. चित्रदुर्गला मुक्काम. सहाव्या गिअरमध्ये गाडी शांत. भाचा झोपलेला. डिकीत हेल्मेट, हवेचा गेज, टॉर्क रेंच, दोन बाटल्या डॉट ४, लाकडी ठोकळे, ताईने दिलेले लाडू.

२३ जानेवारी
बंगळुरू, कृष्णगिरी, सेलम. कोइम्बतूरला रात्री. ताईचे फोन.

२४ जानेवारी
करी मोटर स्पीडवे, चेट्टिपाळयम. २.१ किलोमीटर. ट्रॅकला एस. करिवर्धन यांचं नाव. आपल्याकडे स्वतः शर्यतीच्या गाड्या बांधायचं वेड ज्यांनी मनावर घेतलं त्यांत ते पुढे होते. १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. गेटवरचं नाव वाचून थोडा वेळ थांबले.
गाडी रिकामी केली. स्टेपनी, मॅट, आरशाला लटकवलेला गणपती, सगळं बाहेर. टो हुक लावला.
पहिलं सत्र: लाइन शोधण्यात गेलं. पुढून सरकते. मी स्टिअरिंग जास्त वळवते, ती अजून सरकते. हात शांत ठेवले की वळते.
दुसरं सत्र: पाचव्या लॅपला पॅडचा वास. पेडल आहे तिथेच. सहाव्यालाही तिथेच. ओरडावंसं वाटलं.
शेवटचा लॅप ब्रेकला पाय न लावता. पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळे.
थंड असताना ३२, बाहेर आल्यावर ३८. चार पाउंड हवा काढली. पुढच्या टायरचा खांदा खाल्लाय, रेषेच्या पुढपर्यंत. कंपनीच्या कॅम्बरवर हे होणारच. डावा-उजवा बदलला.
तिसरं सत्र भाच्याचं. शेजारी शिकवणारा. मी भिंतीशी उभी. मुख्य सरळ रस्त्यावर त्याचा ब्रेकलाइट दर फेरीला वेगळ्या ठिकाणी लागत होता. एकदा फार उशिरा. गाडी मातीत उतरली, धूळ उडाली, थांबली. तिथे माती होती, एसटी नव्हती. माझे हात गार.
बाहेर आला. हेल्मेट काढलं. घामाने डबडबलेला. "मावशी, ब्रेक कुठून लावायचा ते अजून कळत नाहीये."
मी पाण्याची बाटली दिली.

२५ जानेवारी
पायी ट्रॅक फिरलो, फक्त ब्रेकच्या खुणा बघत. जाणत्यांच्या काळ्या रेषा किती आधी सुरू होतात. त्याने एका खुणेपाशी बसून हात लावला.
दुपारी निघालो. नटबोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले, स्टेपनी आत, गणपती जागेवर. त्याच पॅडवर, त्याच टायरवर घरी.

२७ जानेवारी
मोशी. पाऊण तास. पहिला, दुसरा, न्यूट्रल. सिग्नलला शेजारचा बाइकवाला चाकातला काळा भुसा बघत होता.

३१ जानेवारी
गाडी लिफ्टवर. पुढचे पॅड अर्ध्याच्या वर शिल्लक. मागचे ड्रम उघडले, लाइनिंग जवळपास तसंच. काकांना दाखवलं. ऑइल परत बदललं, रंग फारसा गेला नव्हता, तरी.
संध्याकाळी आई फिजिओथेरपीला. काठीशिवाय गाडीपर्यंत चालत आली.

६ फेब्रुवारी
ताईचा फोन, रडवेली. मित्र रात्री ताम्हिणीला निघालेत, हाही जाणार म्हणतोय.
त्याला फोन लावला. घाट म्हटलं नाही. मार्चमधल्या ट्रॅक डेला नाव नोंदवतेय, निम्मे पैसे तुझे, असं सांगितलं. बराच वेळ बोलला नाही. मागे गाड्यांचे हॉर्न. मग विचारलं, अजून दोघं आले तर चालतील का.
गाड्या कुठल्या, विचारलं. एक स्विफ्ट, एक जुनी सिटी. म्हटलं, रविवारी दोन्ही काकांच्या गॅरेजला आणा. आधी ब्रेक ऑइल, मग नाव.
साडेदहाला ताईचा मेसेज: घरी आहे.
माझ्याकडे हेल्मेट एकच आहे. तीन लागतील.